लहू मिस्त्रीचा पिवळा पाळणा

लहू मिस्त्रीचं नाव काढलं की घोडपदेवातली जुनी माणसं अजूनही दोन गोष्टी सांगतात. एक, त्याच्यासारखा आकाशपाळणा सबंध गिरणगावात कुणी बांधला नाही. दुसरी, तो संपफोड्या होता. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी. दुसरी मी पसरवली. मी, म्हणजे जयवंत, राहणार तीच चाळ, दुसरा माळा. सांगताना मधेच कुणी ‘जाऊ द्या हो जयवंतराव, झालं गेलं’ असं म्हणायचं नाही. मला त्याचा संताप येतो. गेलं ते लहूचं गेलं, तुमचं-आमचं काय गेलं? तेव्हा पुरतं ऐका आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

लहू आमच्याच गिरणीत फिटर होता. मूळचा संगमेश्वराकडचा, अंगानं किरकोळ, आवाज असा की चार माणसांत बोलला तर पाचव्याला ऐकू जाऊ नये. पण कान मात्र देवानं वेगळे दिलेले. माझे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालू असले की तो नुसता बाजूनं जायचा आणि सांगायचा, “जयवंता, तिसऱ्या नंबरला बघ रे, काहीतरी रडतंय.” उघडून बघावं तर खरंच कुठलातरी नट ढिला. त्याची बायको गुणवंती वाइंडिंग खात्यात, बॉबिनवर सूत भरायच्या कामाला. नवरा-बायको दोघं गिरणीत, मूलबाळ नाही, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. असली माणसं चाळीत असली की आपल्याला त्यांची आठवण फक्त नळाचा वॉशर गेला की येते.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले, खोटं कशाला सांगू. मोर्चे, सभा, घोषणा. मे उजाडला तशी अर्धी चाळ गावाला गेली. जे उरले ते ओट्यावर बसून नखं कुरतडायला लागले. लहूला गावाला जायची सोय नव्हती, घर भावाच्या ताब्यात होतं. आणि त्याला रिकामं बसता येत नव्हतं. एका पाडलेल्या चाळीचे वासे त्यानं मागून आणले, भायखळ्याच्या भंगारवाल्याकडून एक जाडजूड दांडा आणला आणि चाळीमागच्या पटांगणात महिनाभर ठोकाठोक केली. आम्ही विचारायचो, “काय रे, मांडव घालतोस काय?” तो नुसता हसायचा. पावसाचा जोर ओसरल्यावर एक दिवस बघतो तर आकाशपाळणा उभा! चार पेट्या, एकेका पेटीत दोन मोठी माणसं ऐसपैस बसतील अशा. वीजबीज काही नाही, सगळं हातानं. पण बेअरिंग असं बसवलेलं की दोन भरलेल्या पेट्या नुसत्या एका हाताच्या ढकलीवर वर जात.

आणि त्याचा आवाज! पाळणा मागे फिरू नये म्हणून लहूनं आत एक लाकडी खिट्टी बसवली होती. फिरताना ती खट-खूट, खट-खूट वाजायची. हुबेहूब साचा चालावा तशी. आठ महिने आम्ही तो आवाज ऐकला नव्हता हो. पोरं पाळण्यात बसायला यायची आणि त्यांचे बाप आवाज ऐकायला. मी स्वतः डोळे मिटून उभा राहायचो. असा तो पाळणा आमच्या सगळ्यांच्या जिवाचा झाला. कॉटन ग्रीनहून लोक यायचे. लहू कुणाकडे काही मागायचा नाही, ज्याला जे जमेल ते द्यावं. कुणी पसाभर तांदूळ आणायचं, तर कांता मावशी, ती आमच्या नाक्यावर मासळी विकायची, ती वाट्यातले चार बांगडे गुणवंतीच्या पदरात टाकायची.

जिथे प्रेम तिथे मतं आलीच. पाळण्याबद्दल मत नाही असा माणूस आमच्या चाळीत नव्हता. वेग जास्त आहे, वेग कमी आहे, पेट्यांना रंग लाव, रंग लावू नको, फेऱ्या सहा पाहिजेत, आठ पाहिजेत. नाक्यावर संपाच्या बातम्यांचा एक काळा फळा होता, तो मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं. चांगलं म्हणजे, भायखळ्यापासून लोक म्हणायचे की फळा वाचायचा तर जयवंतचा. वरच्या अर्ध्यात संपाची बातमी आणि खालच्या अर्ध्यात मी सुरू केलं ‘पाळण्याविषयी जनमत’. आज अप्पांचं मत, उद्या कांता मावशीचं मत, नावानिशी. लोक आधी खालचं वाचायचे, मग वरचं. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

दसरा जवळ आला. तुम्हाला आता कसं समजणार, पण गिरणीत आमची दिवाळी म्हणजे खंडेनवमी. सगळी खाती धुऊन-पुसून लख्ख, पताका, गोंड्याचे हार, एकेका साच्याला हळदकुंकू. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. माझी अंबिका दर वर्षी माझ्या साच्याला स्वतः हार घालायची. त्या साली गिरणीला टाळं. पूजायचं काय? घराघरांत लोकांनी कोयते, अडकित्ते, शिवणाची मशीन पाटावर मांडली. मी माझी साच्यावरची कैची मांडली आणि तिच्याकडे बघून मला भडभडून आलं.

त्याच्या आधी आठवडाभर मी लहूला म्हटलं होतं, “मिस्त्री, या वर्षी पाळणा सजवू. मी करतो. वर थर्माकोलचा कळस, चारी पेट्यांना चंदेरी कागद.” आता, मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी मी करायचो, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण तो आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाला, “नको रे जयवंता. कळसानं तोल जाईल. आणि गुणवंतीनं काहीतरी ठरवलंय. करू दे तिला.”

एवढंच. बाकी एक शब्द नाही. पण मला ते झोंबलं. संप चालू, हातात काम नाही, घरात अंबिका शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवून चूल चालवते आणि मला जे एक येतं त्यालाही हा फिटर नको म्हणतो! मी घरी येऊन अंबिकाला म्हटलं, “शिंगं फुटली आहेत त्याला.” ती म्हणाली, “त्यांचा पाळणा, त्यांची बायको. तुमचं काय दुखतंय?” बायकांना काही कळत नाही, असं म्हणून मी विषय मिटवला.

खंडेनवमीला सकाळी पटांगणात गेलो तर सगळी चाळ जमलेली. पाळण्याभोवती दोर बांधलेला. खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते चालवायचं नाही, हा आमचा नेम. तेव्हा पाळणा उद्या दसऱ्याला सुरू होणार होता आणि सगळे दोराबाहेरूनच बघत होते. चारी पेट्यांच्या कडांना, वरच्या दांड्यांना, सगळीकडे बॉबिनींच्या माळा. शेकड्यानं बॉबिनी, एकावर एक ओवलेल्या, पिवळ्याधमक. उन्हात नुसत्या चमकत होत्या. मधूनमधून आंब्याची पानं. सुरेख दिसत होतं. आज म्हणतो सुरेख. तेव्हा नाही म्हटलं.

मतं सुरू झाली. अप्पा म्हणजे आमच्या खात्याचे जुने जॉबर, मुकादमच म्हणा, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. ते नाक मुरडून म्हणाले, “कित्याक रे ह्यां सगळां? पाळणो साधो होतो तोच बरो होतो. आता ह्या माळांनी खटखट ऐकाक येतली काय?” कुणी म्हणालं, लायटिंग पाहिजे होतं. कुणी म्हणालं, गिरणी बंद आणि बॉबिनी कसल्या टांगता, जखमेवर मीठ. कांता मावशी कमरेवर हात ठेवून ओरडली, “काय रं मिस्त्री, पालन्याला हलदीला बसवलास काय?” सगळे खो खो हसले. गुणवंती लाजून पदर तोंडाला लावून उभी होती. लहू माझ्याकडे वळला. “जयवंता, तुझं मत? फळ्यावर लिहायचंय ना तुला?”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

संपाच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गिरणीत नव्या बॉबिनी आल्या होत्या. प्लास्टिकच्या, पिवळ्या. तोवर आमच्याकडे सगळ्या लाकडी. ती खोकी गोदामात उतरताना मी बघितली होती, एक नमुना हातातही घेतला होता. खोकी फुटायच्या आतच संप झाला. म्हणजे ज्याच्याकडे पिवळी बॉबिन, तो संपात गिरणीच्या आत जाऊन आला. आमच्यातल्या कुठल्याही साचेवाल्याला हे असंच सुचलं असतं. आणि तेव्हा अशा बातम्या रोज यायच्या, की अमका पहाटे मागच्या दारानं आत शिरला, तमक्याला मालकाच्या गाडीतून नेला. माणूस माणसाकडे संशयानं बघत होता.

मी लहूला म्हटलं, “मत उद्या वाच.” आणि संध्याकाळी फळ्यावर लिहिलं. मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘पाळण्याची सजावट पाहिली. झकास. पण या पिवळ्या प्लास्टिकच्या बॉबिनी आल्या कुठून? जानेवारीत संप झाला तेव्हा यांची खोकी बंद होती. आत जाऊन ती कुणी उघडली? ज्याने त्याने ओळखावे.’ नाव घातलं नाही. नाव न घालण्यात मोठा शहाणपणा आहे, असं मला वाटलं. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन अक्षर कसं आलंय ते बघितलं. इतका मी नालायक.

दसऱ्याला सकाळी फळ्यापुढे ही गर्दी. नऊच्या सुमाराला लहू खाली आला. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, हातात ताटली आणि ताटलीत आपट्याची पानं. आधी सोनं वाटायचं आणि मग पाळणा सुरू करायचा, असा त्याचा बेत. तो अप्पांसमोर वाकला. “अप्पा, सोनं घ्या.” अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहूला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. हसला. मग पुढच्याला दिलं, त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या पुढच्यानं पान घेतलं आणि खाली टाकलं. दसऱ्याला वैरीसुद्धा सोनं घेतो हो! पन्नास माणसांच्या मधून तो ताटली धरून फिरला आणि एकानं पान घेतलं नाही. शेवटी माझ्यासमोर आला. चेहरा पांढराफटक. “जयवंता, सोनं घे रे. काय झालंय सगळ्यांना?”

मी म्हटलं, “आधी बॉबिनींचं सांग.”

“बॉबिनींचं काय सांगू?” तो म्हणाला. “जुन्याच आहेत. लाकडी. गिरणीतून जळणाला मिळायच्या त्या. तुझ्या चुलीतपण जळल्यात.” मग पाळण्याकडे बोट करून म्हणाला, “ये ना. हात लावून बघ.”

दहा पावलांवर पाळणा होता. मी गेलो नाही. का गेलो नाही ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हात लावला आणि आपण चुकलेलो निघालो तर? पन्नास माणसांसमोर नाक कापलं जाईल. म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, “हात कशाला लावायचा? डोळे आहेत आम्हाला.” लोकांनी माना डोलावल्या. चिंतामणी, आमच्या भागातल्या संप कमिटीचा माणूस, तो म्हणाला, “चला रे. या पाळण्यात कुणी बसायचं नाही.” आणि पटांगण रिकामं झालं.

मी घरी येऊन जेवायला बसलो. अंबिका घरात नव्हती. अर्ध्या तासानं आली ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “हे बघा.” मी म्हटलं, काय झालं? तिनं आपले दोन्ही तळवे माझ्या ताटावर धरले. पिवळे जर्द.

“वास घ्या,” ती म्हणाली.

हळद. हळद आणि खोबरेल तेल.

“फुलांना पैसे कुठून आणायचे, म्हणून गुणवंतीनं जळणातल्या बॉबिनी वर्षभर राखून ठेवल्या आणि हळद-तेल चोळून माळा केल्या. आठ दिवस बसली होती बिचारी. मी आत्ता तिला सोनं देऊन आले आणि पाळण्यात बसून आले. एकटी. लहू भावोजींनी चार फेऱ्या मारल्या, आणि त्यांचे डोळे...” मग एकदम कडाडली, “तुमचं गिरणीचं प्लास्टिक असं हाताला लागतं होय? जा! पुसा ते आणि खरं काय ते लिहा. आत्ताच्या आत्ता! तोवर मला तोंड दाखवू नका.”

घास तसाच टाकून मी उठलो. खिशात खडू घेतला, ओलं फडकं घेतलं. फळा पुसला. खरंच सांगतो, खडू टेकवला होता. ‘माझी चूक’ एवढं लिहायचं, आणि पुढे दोन ओळी. तेवढ्यात चिंतामणी पाठीमागून आला. “काय रे, पुसलंस?” मी म्हटलं, “सणासुदीला नको म्हटलं.” तो म्हणाला, “बरं केलंस. लोकांना कळायचं ते कळलं. काय नजर आहे तुझी, जयवंत! उद्या कमिटीत तुझं नाव सुचवतो.” आणि पाठीवर थाप मारून गेला.

खडू मी परत खिशात ठेवला.

अंबिकाला सांगितलं, उद्या लिहितो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गर्दी आहे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता लोक विसरलेच आहेत, उगाच कशाला उकरायचं. लोक विसरले नव्हते. गुणवंती नळावर आली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. पाळण्याकडे गेलेल्या पोराला आई कानाला धरून ओढून न्यायची. कांता मावशीनं मासळी देणं बंद केलं. लहू रोज संध्याकाळी पाळण्यापाशी स्टूल टाकून बसायचा, कुणी येत नव्हतं. मी गॅलरीतून बघायचो आणि आत यायचो. माझ्या एका ओळीचं काम होतं. सगळ्या चाळीला मी सांगू शकत होतो आणि चाळीनं ऐकलं असतं, कारण अक्षर माझं होतं. इतका मी भेकड.

चौथ्या दिवशी सकाळी पटांगणात ठोकाठोक ऐकू आली. लहू पाळणा उतरवत होता. एकटाच. दुपारपर्यंत वाशांचा ढीग झाला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीची जाळी लावलेली गाडी नाक्यावर आली, तेव्हा लहू मिस्त्री सगळ्यांच्या देखत, कुठेही तोंड न लपवता, तिच्यात चढला आणि कामावर गेला.

आता माझं ऐका. मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. खरंच. छातीवरचा धोंडा उतरला. मी घरात येऊन अंबिकाला म्हटलं, “बघ! मी म्हणत नव्हतो?” ती चूल फुंकत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मी तसाच खाली गेलो आणि फळ्यावर लिहिलं, या वेळी नावानिशी, मोठ्या अक्षरांत: ‘लहू मिस्त्री गिरणीत गेला. आमचा संशय खरा ठरला.’ खाली रेघ मारली. दोनदा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. संप संपला असं कधी कुणी म्हटलं नाही, तो नुसता विरत गेला. मला गिरणीनं परत घेतलं नाही. मी दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं, अक्षर कामाला आलं. लहू आणि गुणवंती महिनाभरात खोली सोडून दिवा स्टेशनच्या पलीकडे कुठे राहायला गेली. पुढे पाच-सहा वर्षांत गिरणीच बंद पडली, तेव्हा त्याचीही नोकरी गेली म्हणे. चाळीत कधी त्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, “फितूर होता. जयवंतनं बरोबर ओळखला होता.” मी गप्प बसायचो. अंबिका घरात असली तर उठून आत जायची. ती माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, आजारपण काढायची, सगळं करायची. पण खंडेनवमीला कैची पाटावर मांडली की तिला हळदकुंकू तिनं पुन्हा कधी वाहिलं नाही. ते मलाच करावं लागायचं.

पाच वर्षांपूर्वी लहू गेल्याचं कळलं. अंबिका म्हणाली, “आता तरी जा.” एवढंच म्हणाली. मी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. दिव्याला उतरून विचारत विचारत खोली शोधली. जाताना सगळं मनात घोकलं होतं. वहिनी, तो फळा मी लिहिला. वहिनी, माझी चूक झाली. मला वाटत होतं, ती शिव्या घालेल. घालाव्या अशी इच्छा होती.

गुणवंती भिंतीला टेकून बसली होती, पार वाळलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. मला ओळखलं तिनं. “या भावोजी. अंबिकावहिनी बऱ्या आहेत ना?” शेजारची मुलगी पाणी देऊन गेली. मी पाणी प्यालो नाही. आधी बोललो. “वहिनी, तो फळा... तेव्हाचा... मी लिहिला होता.”

“माहीत होतं की,” ती म्हणाली. “तुमचं अक्षर कोण ओळखत नव्हतं?”

मी खाली बघत राहिलो. ती सावकाश बोलत होती, जुनी काहीतरी गोष्ट सांगावी तशी. “ते तुमच्यावर चिडले नव्हते हो. त्या दिवशी अंबिकावहिनी पाळण्यात बसून गेल्या, हाताला हळद लागलेली घेऊन. तेव्हा हे म्हणाले, आता जयवंताला कळेल. तो रागीट आहे, पण खोटा नाही. तो लिहील. मी म्हटलं, नाही लिहायचे. ते म्हणाले, तू बघच. तीन दिवस रोज सकाळी आंघोळ करून पहिले फळ्यापाशी जाऊन यायचे. परत आले की म्हणायचे, अजून नाही लिहिलं, आज लिहील. चौथ्या दिवशी आले ते काही बोललेच नाहीत. हातोडी घेऊन खाली गेले. मग म्हणाले, आता आत गेलो काय आणि न गेलो काय, सारखंच.”

बाहेर कुकरची शिटी झाली.

“एक विचारू भावोजी? राग मानू नका. आमची यावरून जन्मभर वादावादी चालायची. शेवटपर्यंत. हे म्हणायचे, तो लिहिणार होता, माझीच घाई झाली. आणखी एक दिवस थांबायला पाहिजे होतं. मी म्हणायची, छे, नसतं लिहिलं.” तिनं चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही लिहिणार होतात ना?”

मी सगळं खरं सांगायला आलो होतो हो. त्यासाठीच आलो होतो. जिभेवर होतं, की नाही वहिनी, नव्हतो लिहिणार, चार दिवस थांबला असता काय आणि चार वर्षं थांबला असता काय. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते बोलता आलं नाही. की स्वतःची लाज वाटली म्हणून बोललो नाही? आजही मला सांगता येत नाही.

“हो,” मी म्हटलं. “दुसऱ्या दिवशी लिहिणारच होतो.”

तिनं डोळे मिटले. हसली. मग भिंतीवरच्या लहूच्या फोटोकडे वळून म्हणाली, “ऐकलंत? तुमचंच खरं होतं.” आणि शेजारच्या मुलीला हाक मारून तिनं माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.